जांभळा माळ, खाली नुसती वाळू

ऑगस्टच्या शेवटी हांबुर्गच्या दक्षिणेला ल्युनेबुर्गर हायडं हा माळ फिरून आलो. फोटोत सगळे हेदरचा (माळावरचं बुटकं झुडूप) जांभळा फुलोरा दाखवतात, आणि दिसतो भारीच, पण शेतकऱ्याच्या घरातला असल्यामुळे माझी नजर आधी पायाखाली जाते. उंडेलोहहून विल्झेडेकडे गाड्या बंद, फक्त घोडागाड्या, सायकली आणि आपले पाय. वाट म्हणजे पांढरट वाळूचा फुफाटा. रात्री चांगला पाऊस झालेला, तरी दुपारी सगळं कोरडं ठक्क! हिमनद्यांनी आणून टाकलेली वाळू ही, पाणी धरत नाही आणि पाण्याबरोबर जमिनीचा कसही खाली जातो.

एका ठिकाणी वाटेची कड ढासळलेली, तिथे थर उघडे पडले होते. वर बोटभर काळपट, मग राखेसारखी करडी वाळू, त्याखाली तांबूस-काळा थर, काडीने टोकरला तर काडीच मोडली. वरचं लोह आणि कुजकं झिरपून तिथे घट्ट बसतं, मुळं अडतात.

अशा जमिनीवर लोक जगले कसे, तर करड्या रंगाच्या शिंगवाल्या मेंढ्या, मधमाश्या आणि थोडी राय (गव्हासारखं धान्य). हेदर मुळांसकट खरवडून गोठ्यात अंथरायचं, शेणामुतात मुरलं की शेतात. म्हणजे घासभर शेत पोसायला केवढा तरी माळ सोलायचा. त्यापेक्षा आपले धनगर वावरात मेंढ्या बसवतात ते मला शहाणपणाचं वाटतं, खत जागच्या जागी पडतं ना. पुढे बाहेरचं खत आलं, माळावर पाइनची लागवड झाली आणि हायडं आटत गेली. मग विल्हेल्म बोडे नावाच्या पाद्र्याने खटपट केली, १९१०मध्ये १६९ मीटरचा विल्झेडर बेर्ग, म्हणजे इथला सगळ्यात उंच डोंगर (आपण टेकाडच म्हणू), विकत घेऊन राखला गेला.

गंमत अशी की आता माळ टिकवायला जमीन मुद्दाम भुकी ठेवतात. कस वाढला की गवत आणि बर्चची झाडं घुसतात, म्हणून मेंढ्या चारतात, वरचा थर मशीनने खरवडतात, हिवाळ्यात थोडं जाळतात पण.

पूर्वेला उल्त्सेनकडे मात्र त्याच जातीच्या हलक्या जमिनीत बटाटा आणि साखरबीट, शेताशेतात पाण्याचे फवारे मारणाऱ्या रेनगन चालू. रस्त्याकडेच्या टपरीवरून बटाटे घेतले. चिखल नाहीच, वाळू झटकली की थेट कुकरला.