येऊरचा बेडूक आणि एक रिकामा रकाना

जुलैमधल्या एका शनिवारी ठाण्यातल्या आमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत डीएनए तपासणीचा अहवाल आला, तेव्हा शोधनिबंधाचा मसुदा जवळपास तयार होता आणि येऊरच्या ओढ्याकाठच्या त्या लहानशा तपकिरी बेडकासाठी ‘येऊरेन्सिस’ हे नावही मी मनाशी ठरवून टाकले होते. वनखात्याची रीतसर परवानगी घेऊन दोन पावसाळे आम्ही तिथे रात्री काढल्या होत्या. माझा सारा दावा दोन गोष्टींवर उभा होता: आमचे नर जुन्या संग्रहातील नमुन्यांपेक्षा लांबीने मोठे भरत होते आणि त्यांची साद माळशेज घाटात टिपलेल्या सादेपेक्षा बरीच जलद होती.

अहवालात मात्र १६एस या, प्रजाती ओळखण्यासाठी तपासल्या जाणाऱ्या जनुकाच्या तुकड्यातला फरक अर्धा टक्काही नव्हता. बेडकांच्या बाबतीत हा फरक तीन टक्क्यांच्या आसपास गेला की वेगळ्या प्रजातीची शंका घ्यावी, असा ढोबळ संकेत आहे. तो नियम नव्हे, पण अर्ध्या टक्क्यावर नवे नाव मागण्याचे धाडस कोणी करणार नाही. आमचा बेडूक जुळत होता तो मिनर्व्हार्या स्याहाड्रेन्सिसशी, म्हणजे प्राणिशास्त्रज्ञ अ‍ॅनंडेल यांनी १९१९ साली राना लिम्नोकॅरिस या बेडकाची उपजाती म्हणून वर्णिलेल्या सह्याद्रीतल्या बेडकाशी. पुढे तो राना हा गट सोडून फेजेर्वार्या गटात आणि २०१८ साली मिनर्व्हार्यात गेला. नावाचा पहिला शब्द बदलत राहिला, शेवटचा मात्र अ‍ॅनंडेल यांनी लिहिला तसाच आहे.

मी माझ्या जुन्या मार्गदर्शकांना फोन लावला. सरांनी सगळे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, “आवाज टिपलास तेव्हा हवेचे तापमान किती होते?”

माळशेजच्या नोंदीत ते होते: २१ अंश. येऊरच्या पानावर तो रकाना कोराच होता. बेडकाचे शरीर बाहेरच्या हवेइतकेच गरम वा थंड असते, आणि उबदार रात्री त्याच्या सादेतले ठोके भराभर पडतात. जूनमधली येऊरची दमट रात्र घाटमाथ्यापेक्षा किती उबदार असते, हे ठाणेकराला सांगायला नको. ज्याला मी प्रजातीचे लक्षण समजत होते, तो बहुधा हवामानातला फरक होता.

लांबीची चूक मला अधिक लागली, कारण ती पदवीच्या विद्यार्थ्यालाही शोभली नसती. स्नायूचा तुकडा शुद्ध अल्कोहोलमध्ये वेगळा काढून उरलेला नमुना फॉर्मॅलिनमध्ये घालायचा, हा क्रम मी काटेकोर पाळला होता, कारण फॉर्मॅलिनने डीएनए खराब होतो. पण व्हर्नियरने मोजमाप मात्र मी त्याआधी, ताज्या बेडकांवर घेतले आणि त्याची तुलना वर्षानुवर्षे अल्कोहोलमध्ये राहून आकसलेल्या नमुन्यांशी केली. आमचे नर आता बरणीतून काढून पुन्हा मोजले, तेव्हा ते जुन्या नमुन्यांच्या मापांतच बसले.

होलोटाइप, म्हणजे नव्या प्रजातीचा अधिकृत मूळ नमुना, म्हणून निवडलेला नर वेगळ्या बरणीत होता. अल्कोहोलमध्ये पेनाची शाई पसरते म्हणून चिठ्ठ्या पेन्सिलीने लिहितात, त्यामुळे ‘नवी प्रजाती’ हे शब्द खोडरबराने सहज गेले. माझ्या विद्यार्थिनीने नोंदवही पुढे करत विचारले, “मॅडम, येऊरच्या रकान्यात अंदाजाने २८ लिहू का?” मी नको म्हटले.