डोंगरवाले सर आणि कॅलेंडरमागची चिठ्ठी

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या म्हणून ग्रुपवर मेसेज आला आणि खाली लगेच सगळ्यांनी एकच लिहिलं, सरांवर कोणीतरी लिहा रे. कोणते सर ते कोणालाच विचारावं लागलं नाही. मी 1991 ची दहावीची बॅच. आपल्याला भूगोल शिकवायचे आणि पी.टी.चा तासही घ्यायचे ते सर, अकोले तालुक्यात ज्यांना डोंगरवाले सर म्हणायचे ते. त्यांचं आडनाव इथे मुद्दाम लिहीत नाही, घरच्यांना आवडणार नाही आणि सरांना तर अजिबातच आवडलं नसतं.

भूगोलाचं पुस्तक त्यांनी वर्गात फारसं उघडलेलं मला आठवत नाही. पर्जन्यछायेचा प्रदेश हा धडा आम्हाला त्यांनी एसटीत शिकवला. जुलै महिना, अकोल्यात नुसती भुरभुर, मधेच ऊन, रस्त्याच्या कडेला बाजरी. राजूर मागं टाकलं की खिडकीतून पाणी आत यायला लागायचं आणि बाजरी संपून भाताची खाचरं सुरू व्हायची, शेंडीला उतरून चहा प्यायचा तर कपात निम्मा पाऊसच, आणि पुढं घाटघरला पोचलो की समोरचा माणूस दिसायचा नाही. तिथं सर कड्यापासून बरंच मागं, रांगेत उभं करायचे आणि सांगायचे, खाली कोकण आहे, ढग तिकडून येतो, या भिंतीला धडकतो, वर चढताना गार होतो आणि इथंच सगळा रिकामा होतो, मग अकोल्याला काय उरणार, खरकटं. घाटघरला नगर जिल्ह्याची चेरापुंजी का म्हणतात हे त्या दिवशी कळलं ते आजपर्यंत विसरलो नाही. शाळेच्या मैदानात पर्जन्यमापक होतं, रोज सकाळी साडेआठला रीडिंग घेऊन रजिस्टरमधे लिहायचं, सुट्टीच्या दिवशी ज्याचं घर जवळ त्यानं.

सर खरे रमायचे ते बाहेर. हरिश्चंद्रगड, रतनगड, कळसूबाई ही त्यांची नेहमीची. प्रवरेवर गळ टाकून तासन्‌तास बसायचे, पहिल्या पावसात रात्री बॅटरी घेऊन ओढ्याला खेकडे धरायला जायचे. आता गंमत अशी की त्यांची आई माळकरी. खेकडा घराच्या उंबऱ्याच्या आत येणार नाही म्हणजे नाही. मग सर परसात तीन दगडांची चूल मांडून, वेगळ्या पातेल्यात, स्वतः वाटण वाटून रस्सा करायचे आणि जेवण झालं की पातेलं राखेनं घासून परसातल्याच खुंटीला अडकवायचे. आई ओट्यावर हरिपाठ म्हणत बसलेली आणि मधेच विचारायची, मीठ टाकलं का रं? आम्ही पोरं कित्येकदा त्या परसात जेवलोय, भाकरी मात्र काकू आतून द्यायच्या.

तीन मुली होत्या त्यांना. रविवारी सकाळी डोंगरावर जायचं नसेल तर सर ओट्यावर बसून तिघींच्या वेण्या घालायचे, लाल रिबीन, दोन्ही बाजूला एकसारखी फुलं. त्या काळात अकोल्यात बाप्या माणसानं उघड्यावर बसून पोरींच्या वेण्या घालणं म्हणजे येणारेजाणारे थांबून बघायचे. सरांना त्याचं काही नाही. मेच्या शेवटाला काजवे सुरू झाले की आई, काकू, पोरी, शेजारपाजार असा सगळा लवाजमा जीपमधे घालून रतनवाडीच्या रस्त्याला न्यायचे, अमृतेश्वराचं दर्शन उजेडात उरकायचं आणि अंधार पडला की बॅटऱ्या बंद. हिरडा, बेहडा, सादड्याची अख्खी झाडं एका तालावर उघडमीट करायची. आता तिथं गाड्यांच्या रांगा लागतात, हेडलाइट लावून काजवे बघतात लोक. हे सरांना फार लागायचं, शेवटची काही वर्षं त्यांनी तिकडं जाणंच सोडलं.

पण मला सगळ्यात जास्त आठवते ती चिठ्ठी. सर कुठंही निघाले की स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरच्या मागं एक चिठ्ठी खोचून जायचे. मी एकदा वाचलेली आहे. पाचनईमार्गे हरिश्चंद्रगड, मुक्काम देवळाजवळ, उद्या संध्याकाळी सातपर्यंत येतो, खाली तारीख आणि सही, शाळेच्या रजेच्या अर्जासारखी. काकूंनी ती नुसती ठेवायची नाही, वाचून दाखवायची असा नियम. आणि सात म्हणजे सात. आम्हाला न्यायचं असलं की आधी आठवडाभर सायकलवर प्रत्येकाच्या घरी जाऊन आईला विचारायचे, बापाला नाही, आईला. तिनं नाही म्हटलं की विषय संपला, मग तुम्ही कितीही रडा.

एकदा कळसूबाईला, पायथ्याच्या बारी गावातून चढून शेवटच्या शिडीच्या खाली पोचलो आणि गडगडायला लागलं. 1646 मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, देऊळ अगदी डोक्यावर, आणि सर म्हणाले, फिरा मागं. लोखंडी शिडी आणि वीज, तुमच्या आयांना काय सांगू? आम्ही इतके चिडलो होतो की खाली येईपर्यंत कोणी त्यांच्याशी बोललं नाही. दिवाळीच्या सुट्टीत परत नेलं, न विचारता.

मला वाटतं सरांचं डोंगरात फिरणं आणि घर सांभाळणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्याच. आजकाल हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर पोरं हरवतात, रात्रभर गावातली माणसं आणि रेस्क्यूवाले शोधत बसतात, आणि घरी विचारलं तर मित्राकडे गेलाय एवढंच माहीत असतं. सरांनी पहिल्यांदा तेच विचारलं असतं, घरी सांगून आला होता का? गडावरच्या केदारेश्वराच्या गुहेतल्या त्या बर्फासारख्या पाण्यात आम्ही उतरायला सरांची कधी ना नव्हती, पण घरी खोटं बोलून आलेल्या एकाला त्यांनी राजूरवरूनच परतीच्या एसटीत बसवलं होतं.

रिटायर झाल्यावर गुडघे गेले. मग सकाळी प्रवरेच्या घाटापर्यंत आणि परत. 2020 ला देशी बियाणं जपणाऱ्या राहीबाई पोपेरेंना पद्मश्री जाहीर झाली तेव्हा ह्यांनी गल्लीत पेढे वाटले, का तर आपल्या तालुक्यातली बाई. आईचं शेवटचं सगळं त्यांनी स्वतःच्या हातानं केलं, अंघोळीपासून. स्वतः गेले ते ऐन पावसाळ्यात, दशक्रियेला बारी, पाचनई, रतनवाडीची एवढी माणसं आली की घाटावर चपलांना जागा नव्हती, त्यातल्या निम्म्यांना घरचेही ओळखत नव्हते. धाकटी मुलगी आता स्वतः शिक्षिका आहे आणि तिच्या शाळेच्या मैदानात पर्जन्यमापक बसवलंय असं कळलं.

आपल्या शाळेतलं पावसाचं रजिस्टर अजून ऑफिसच्या कपाटात आहे, मी स्वतः बघितलंय, बऱ्याच जणांची अक्षरं ओळखू येतात आणि काहींनी तर रीडिंग न घेताच आकडा ठोकलेला पण लगेच दिसतो, सरांनी तिथं लाल पेनानं गोल केलाय. त्याचे फोटो काढून ग्रुपवर टाकतो असं दोघांनी कबूल केलं होतं. दोघंही ही स्मरणिका वाचतील, म्हणून इथे लिहिलं.