एवढं शोधून मिळालं काय?

लग्नात पंगतीला बसलं की कुणीतरी विचारतंच, 'तिकडे जिनिव्हाला इतकी वर्षं प्रोटॉन आपटताय, हाती काय लागलं?' आता तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते.

तिथल्या एलएचसी या प्रोटॉन आपटणाऱ्या यंत्रावर सीएमएस नावाचा प्रयोग आहे. मी त्याच्या डेटात एकच गोष्ट शोधायचे, बी-एस नावाचा मेसॉन (एक अल्पायुषी कण) फुटून फक्त दोन म्युऑन (इलेक्ट्रॉनचे जड भाऊ) होतात ती. अब्जात तीन-चार वेळा होतं असं. एवढ्या दुर्मिळ गोष्टीच्या मागे का लागायचं, तर जिथे मुळात जवळजवळ काहीच घडत नाही तिथे अजून न सापडलेल्या कणाने जरासा हात लावला तरी आकडा हलतो. भर बाजारात वाटी पडली तर कोणाला कळणार, रात्री दोनला स्वयंपाकघरात पडली की सगळं घर उठतं.

घाम काढतो तो कचरा. एलएचसीत सेकंदाला 4 कोटी वेळा प्रोटॉनचे पुंजके एकमेकांतून जातात, ट्रिगर, म्हणजे काय ठेवायचं ते क्षणात ठरवणारी यंत्रणा, त्यातलं बहुतेक सगळं तिथल्या तिथे फेकून देतो (चांगलं काही गेलं नाही ना, ही धाकधूक कायमची), आणि उरतं त्यात भलत्याच दोन कणांतून आलेले म्युऑन जोडी लावून उभे असतात, कधी पायॉन नाहीतर केऑन असा दुसराच कण म्युऑन म्हणून खपून जातो. मग बघायचं, दोन्ही रेषा एकाच बिंदूतून निघतात का, तो बिंदू टकरीच्या जागेपासून थोडा लांब आहे का, कारण बी-एस जगतो दीड पिकोसेकंद (एक पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा लाख कोटीवा भाग) पण वेगात असल्यामुळे तेवढ्यात काही मिलिमीटर तरी जातो, आणि दोघांचं मिळून वस्तुमान बी-एसच्या वस्तुमानाएवढं, 5.37 जीईव्हीच्या (कणांचं वस्तुमान मोजायचं एकक) आसपास भरतं का. नेमका तोच पट्टा आम्ही स्वतःपासून झाकून ठेवतो, सगळे कट, म्हणजे निवडीचे निकष, ठरेपर्यंत उघडायचा नाही, नाहीतर हवं ते दिसेपर्यंत माणूस चाळणी बदलत बसतो. मीही बसले असते.

शोध सुरू झाला 1980च्या दशकात. पहिला पुरावा 2012 मध्ये एलएचसीबीला, म्हणजे एलएचसीवरच्याच दुसऱ्या प्रयोगाला, मग 2015 ला दोन्ही प्रयोगांनी डेटा एकत्र करून 6.2 सिग्मा (5 च्या वर गेलं की शोध पक्का मानतात). थिअरी म्हणत होती अब्जात साधारण 3.66, सीएमएसचं 2022 चं मोजमाप 3.8. जुळलं. सुपरसिमेट्रीची, म्हणजे प्रत्येक कणाला एक न सापडलेला जोडीदार मानणाऱ्या कल्पनेची, बरीच मॉडेलं हा आकडा कितीतरी पट वाढवून सांगत होती, त्यांच्यावर फुली पडली. नवीन कण? नाही मिळाला. वाईट वाटलं का? वाटलं, खोटं कशाला बोलू.

आता बी-एसचा भाऊ बी-डी, तो दोन म्युऑनमध्ये फुटतो दहा अब्जात एकदा, आणि ते फुटणं अजून पक्कं दिसलेलं नाही. सध्या तेच चालू आहे.