‘चें’चे खिळे

जानेवारी 1967 मध्ये आमच्या छापखान्याला मान वर करायला फुरसत नव्हती. फेब्रुवारीत सार्वत्रिक निवडणूक, त्याआधी 16 जानेवारीला गोव्याचा कौल: महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं. विलीनीकरणाला खूण फूल, विरोधाला दोन पानं. आमचे मालक संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत लाठ्या खाल्लेले, तेव्हा फुलाची हँडबिलं आमच्याकडे ढिगाने आणि जवळजवळ फुकट छापली जात. मी एकोणीस वर्षांचा कंपॉझिटर होतो, म्हणजे शिशाचे अक्षरखिळे जुळवून मजकूर लावणारा. बेळगाव झालं की गोवा, हे मला पाढ्यासारखं पाठ होतं.

संक्रांतीच्या चार दिवस आधी दुपारी एक गोवेकर ख्रिस्ती गृहस्थ आले. जहाजावर नोकरी, दोन फेऱ्यांच्या मध्ये धोबीतलावाच्या कुडीत मुक्काम. कूड म्हणजे एका गावच्या लोकांनी चालवलेली खोली. पेट्या भिंतीला, आल्तार कोपऱ्यात. ‘दोन पानं’ या खुणेचं, म्हणजे विरोधाचं काम घेऊन आले होते. मालकांनी नाक मुरडलं, पण पैसे रोख होते. हँडबिलं दुसऱ्या दिवशी पणजीच्या बोटीने जायची होती. गंमत अशी, की या गृहस्थांना स्वतःला मत नव्हतं. मुंबईतल्या गोवेकरांना मताधिकार द्या, ही विरोधकांची मागणी मान्य झालीच नव्हती.

मजकूर देवनागरीतला, कोंकणी, कुडीतल्या कुणा सोबत्याच्या हातचा. वर ठळक ओळ: ‘आमचें गोंय आमकां जाय’. खाली दोन पानांवर शिक्का मारा वगैरे.

आता इथे थोडं आमच्या धंद्याचं सांगतो, कारण सगळी गोम त्यातच आहे. आमच्याकडे अखंड टाईप होता, मात्रा आणि अनुस्वार अक्षरासकट ओतलेले. म्हणजे ‘चे’चा खिळा वेगळा, ‘चें’चा वेगळा, केसमध्ये, म्हणजे खिळ्यांच्या पेटीत, दोघांचे खण वेगळे. 1962 साली शुद्धलेखनाचे नवे नियम आले आणि उच्चारात नसलेले अनुस्वार गेले. मुकादमांनी आम्हा पोरांना त्यावर अक्षरशः पट्टीने तयार केलं होतं. कुणा म्हाताऱ्या लेखकाने ‘घरें’ लिहिलं तरी स्टिकमध्ये, म्हणजे ओळ जुळवायच्या हातातल्या साच्यात, ‘घरे’च बसायचं, मूळ कागदाकडे न बघता. ‘चें’, ‘नें’, ‘कें’चे जुने खिळे झिजले की ते वितळवायला जायचे, नवे येत नसत. हात इतका बसला होता, की मला त्याचा अभिमान होता. खिळे उलटे वाचायचे, डोकं खाली पाय वर, आणि वाचता वाचता शुद्धही करायचं!

तर मी ते हँडबिल जुळवलं. टिंबं काढली. मग वाटलं, लिहिणारा अगदीच अडाणी दिसतो. ‘गोंयकारांनो’चं ‘गोवेकरांनो’ केलं, ‘पानांचेर’चं ‘पानांवर’. ‘जाय’ म्हणजे काय ते कळेना, पण आशय कळत होता. ‘आमचे गोवे आम्हाला हवे.’ यमकही जमलं. विरोधी पक्षाचं काम असूनही आपण मन लावून केलं, म्हणून मी स्वतःवरच खूश.

रात्री आठला गृहस्थ प्रूफ बघायला आले. त्यांना देवनागरी वाचता येत नव्हती, रोमी लिपीच येत होती. म्हणाले, “वाच रे पुता.” मी ठसक्यात वाचलं.

ते थोडा वेळ गप्प. मग, “हें कोणें बरयलां?”

“तुमचंच आहे, साहेब. फक्त शुद्ध केलं.”

“शुद्ध?”

त्यांनी हात पुढे केला, प्रूफ घेतलं, घडी घालून खिशात ठेवलं. मग ती ओळ पाठ म्हणून दाखवली, हळू, एकेक शब्द. ‘गोंय’ म्हणताना नाकपुडीवर बोट ठेवलं. ‘आमकां’ म्हणताना पुन्हा. माझ्या हाताला जे टिंब मुकं म्हणून शिकवलं होतं, ते त्यांच्या नाकातून स्वच्छ वाजत होतं. मुकादमांना मी हे सांगितलं, तर म्हणाले, “बोलीच ती, तिला कसले नियम?” मुकादम कामात वाघ होते, पण कान नावाची चीज त्यांना देवाने दिली नव्हती.

पुन्हा जुळवायचं ठरलं, तर ‘चें’ पुरेनात. सगळ्या केसमध्ये मिळून तीन निघाले. ‘कां’ एकच, तोही कान्याशी तुटका. शेजारच्या गल्लीत पोथ्या छापणारे होते; त्यांच्याकडे जुनी चाल, टिंबं रग्गड. रात्री साडेनऊला मी तिथून मोजून खिळे उसने आणले. गीतेच्या टिंबांनी गोंय छापलं, असं मालक नंतर सगळ्यांना हसत सांगायचे.

फर्मा, म्हणजे जुळलेल्या मजकुराची चौकट, आवळला; ट्रेडल, आमचं छपाईयंत्र, रात्री दीडपर्यंत चालली. निकाल सगळ्यांना ठाऊक आहे. विलीनीकरणाविरुद्ध 1,72,191, बाजूने 1,38,170. गोव्यात विरोधाची मोठी लेखणी ‘राष्ट्रमत’ची होती, आणि ते मराठी दैनिक होतं. उदय भेंब्रे यांचं ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर त्यातच यायचं. हे मला फार उशिरा कळलं, आणि कळल्यावर बरं वाटलं की वाईट, ते अजून ठरत नाही. मराठीचं वैर कुणालाच नव्हतं बहुधा. पण मराठी माणूस आपल्या मायेने काय करतो, याचा कच्चा नमुना त्या रात्री एका घडी घातलेल्या प्रूफवर होता, आणि तो नमुना मी केला होता. आता हे लिहिताना मोबाईल ‘आमकां’चं दर वेळी ‘आमचा’ करतोय. त्याला तरी काय बोलू.

बिलाचं राहिलं. प्रूफनंतरची दुरुस्ती गिऱ्हाइकाच्या खात्यात, हा धंद्याचा नियम, म्हणून मालकांनी दुसऱ्या जुळणीचे पैसे वेगळे लावले. गृहस्थांनी पाकीट काढलं आणि मोजून दिले. चूक कुणाची ते खोलीत दोघांनाच माहीत होतं. मी केसपाशी उभा राहून खिळे सोडून परत खणांत टाकत होतो. बोललो नाही.