तुम्ही विचारलंत म्हणून: मुलीनं कोणती पुस्तकं नेली, ते मी का सांगत नाही

तालुक्याच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयात मी ग्रंथपाल आहे. देवघेवीच्या काउंटरवर एक प्रश्न वरचेवर येतो. कधी आई विचारते, कधी नवरा, कधी सासरे. "मॅडम, आमच्या मुलीच्या कार्डावर हल्ली कोणती पुस्तकं जातात, जरा बघून सांगता का?" मी नाही म्हणते. मग आवाज थोडा दुखावतो. "घरच्याच माणसाला सांगायला काय हरकत आहे? वर्गणी तर मीच भरतो."

मागे रांग असते, त्यामुळे उभ्याउभ्या नीट उत्तर देता येत नाही. म्हणून इथे लिहिते.

वाचनालय नोंद ठेवतं ती पुस्तक परत यावं म्हणून. कोणतं पुस्तक कोणाकडे आहे आणि ते कधी यायचं आहे, एवढंच आम्हाला कळायला हवं. पुस्तक आलं, दंड असला तर भरला, की नोंदीचं काम संपलं. त्यानंतरही ती जपून ठेवली, तर ती पुस्तकांची नोंद राहत नाही, माणसाच्या मनात काय चाललंय याची वही होते. अशी वही चाळायचा अधिकार वर्गणीच्या पावतीनं कोणालाच मिळत नाही. मला नाही, कार्यकारी मंडळाला नाही, पैसे भरणाऱ्या वडिलांनाही नाही.

"वाचण्यात लपवण्यासारखं काय असतं?" असं म्हणणाऱ्यांनी एखादी दुपार माझ्या शेजारी बसावं. एक बाई येतात. वर पाककृतींचं पुस्तक, खाली पोटगी आणि घटस्फोटाच्या कायद्याचं, त्याची पाठ स्वतःकडे वळवलेली. दोन्हींवर तारखेचा शिक्का पडेपर्यंत त्यांची नजर दारावर असते. कोणी छातीतल्या गाठीबद्दलचं पुस्तक नेतं, तपासणीचा अहवाल अजून आलेला नसतो आणि घरी कोणाला काही सांगितलेलं नसतं. कोणी दारू सोडवण्याबद्दलचं नेतं. शहरात माणूस दुकानात जाऊन अनोळखी विक्रेत्याकडून पुस्तक घेतो. आमच्या गावात मी त्या बाईंच्या जावेला ओळखते, माझा सहकारी त्यांच्या दिराच्या वर्गात होता. इथे "अहो, तुमच्या वहिनी हल्ली कायद्याची पुस्तकं नेतात बरं का" हे एक वाक्य बाहेर गेलं, तर त्या बाई पुन्हा वाचनालयाची पायरी चढणार नाहीत. शिवाय ज्या माहितीसाठी त्या आल्या होत्या, ती मिळायच्या आधीच घरात भांडण उभं राहील.

जुन्या पद्धतीत हे राखणं सोपं होतं, हे आजच्या पिढीला सांगावंसं वाटतं. ब्राऊन पद्धतीत प्रत्येक पुस्तकात एक पत्रिका असे आणि वाचकाकडे खिशासारखी छोटी कार्डं. पुस्तक नेताना त्यातली पत्रिका काढून वाचकाच्या खिशात घालायची आणि ती जोडी लाकडी ट्रेमध्ये परतीच्या तारखेमागे लावायची. पुस्तक आलं की पत्रिका पुस्तकात, खिसा वाचकाच्या हातात. जोडी सुटली की मागे काहीच उरत नसे. ट्रे तारखेनं लावलेला असल्यामुळे "अमक्याकडे काय काय आहे" हे शोधायचं तर सगळा ट्रे उपसावा लागे. सगळीकडे अशीच सोय होती असं नाही. कित्येक वाचनालयांत प्रत्येक वर्गणीदाराचं वहीत पान असे आणि त्यावर नेलेल्या पुस्तकांचे दाखल क्रमांक, म्हणजे पुस्तक वाचनालयात आलं की त्याला मिळणारा आकडा. पण तिथेही नुसते आकडेच, नाव हवं तर दाखल नोंदवही काढून एकेक क्रमांक जुळवत बसावं लागे. एवढी खटपट सहसा कोणी करत नसे.

संगणकानं ती खटपटच काढून टाकली. कोहासारख्या, वाचनालयाचं काम सांभाळणाऱ्या संगणक प्रणालीत वाचकाचं नाव टाकलं की त्यानं आजवर नेलेली सगळी पुस्तकं तारखांसकट एका पडद्यावर येतात. आपण होऊन काही केलं नाही, तर ती यादी वर्षानुवर्षं तशीच राहते. चांगली गोष्ट ही, की परत आलेल्या पुस्तकांच्या जुन्या नोंदींतून वाचकाचं नाव पुसायचं साधन कोहातच आहे. नाव जातं, देवघेवीचा आकडा राहतो. वार्षिक अहवालाला आकडाच लागतो. पान फाटलेलं मागाहून लक्षात आलं तर काय, ही शंका आमच्या मंडळात निघाली होती आणि ती रास्तही होती. त्यासाठी फक्त शेवटच्या वाचकाचं नाव ठेवायची सोय आहे. पुढच्यानं पुस्तक परत केलं की आधीचं नाव जातं.

महाराष्ट्राचा 1967 चा ग्रंथालय कायदा आम्हाला मान्यता, वर्ग आणि अनुदान देतो. वाचकाच्या खासगीपणासाठी मी आधार घेते तो दुसरीकडून. 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठानं पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निकाल एकमतानं दिला. आणि 2023 च्या डिजिटल वैयक्तिक विदा (म्हणजे डेटा) संरक्षण कायद्यात हे तत्त्व आहेच, की ज्या कामासाठी माहिती घेतली ते संपलं की ती पुसावी. आम्ही काउंटरवर तेच करतोय.

सरकारी यंत्रणेनं विचारलं तर? रीतसर, अधिकार असलेला लेखी आदेश आला तर तो पाळावाच लागेल. तोंडी चौकशीला मी वाचकाची माहिती देणार नाही. 2005 मध्ये अमेरिकेतल्या कनेटिकटमध्ये चार ग्रंथपालांनी वाचनालयातल्या एका संगणकाच्या वापराची माहिती एफबीआय या तिथल्या केंद्रीय तपास यंत्रणेला द्यायला नकार दिला. न्यायाधीशाच्या सहीशिवाय आलेलं मागणीपत्र होतं ते, आणि वर त्याबद्दल कोणाशी बोलायलाही मनाई. ते कोर्टात गेले. 2006 मध्ये मनाई उठली आणि मागणीही मागे घेतली गेली. त्यांच्या मागे वकील होते, संघटना होत्या. आमच्यासारख्या दोन माणसांच्या वाचनालयाला एवढं बळ कुठून येणार? म्हणून मला नोंद न उरणं हीच खरी तटबंदी वाटते. जे कपाटात नाही ते कोणी मागूनही देता येत नाही.

आता मुलांचं. बालविभागातलं आठ वर्षांचं पोर आईबाबांबरोबर येतं, त्यांच्यासमोर पुस्तक निवडतं, तिथे हा प्रश्नच येत नाही. अवघड वय पंधरा-सोळाचं. आईच्या पोटात काळजीचा गोळा येतो, हे मला समजतं, मीही आई आहे. तरी माझं उत्तर तेच राहतं. तिलाच विचारा. तिच्या टेबलावरचं पुस्तक उचला आणि तुम्हीही वाचा, मुदत हवी तेवढी वाढवून देते. वाचनालय घरी चुगली करतं असं मुलीला एकदा कळलं, की मनातले अवघड प्रश्न ती मोबाइललाच विचारील. तिथे काय उत्तर मिळेल, ते ना तुमच्या हातात ना माझ्या.

अजून बरंच करायचं राहिलं आहे. थकलेल्या पुस्तकांची यादी आम्ही नोटीस फलकावर नावांसकट लावायचो, ती बंद केली. आता ज्याचा त्याला फोन जातो, आणि फोन घरच्यांनी उचलला तर "वाचनालयाचं एक पुस्तक यायचं आहे" इतकंच सांगतो. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नवीन पुस्तकांची मुखपृष्ठं टाकतो, कोणी काय नेलं ते नाही. वृत्तपत्र कक्षातल्या हजेरीच्या वहीतून मोबाइल क्रमांकाचा रकाना काढला, कारण उघड्या वहीतून मुलींचे नंबर टिपून घेणं कोणालाही सहज जमलं असतं. उरला आहे तो अभ्यासिकेतला कॅमेरा. तो दाराकडे वळवावा, टेबलावरच्या उघड्या पानांवर रोखलेला नसावा, असा विषय मी कार्यकारी मंडळाच्या पुढच्या सभेसाठी लेखी दिला आहे. सभासद असाल तर या विषयावर तुमचं मतही लेखी द्या.