दिवाळीच्या सुट्टीआधीचा वर्ग

आज सहामाही संपली. सकाळपासून चौथीच्या वर्गात किल्ले, फटाके आणि मामाचं गाव. शेवटच्या तासाला घोटीव कागदाचे आकाशकंदील केले. सगळ्यांचे हात खळीनं माखलेले!

पण बीड जिल्ह्यात दिवाळीची सुट्टी म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. ऊसतोडीसाठी मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली घरं आता साखर कारखान्यांकडं निघतील, कुणी कोल्हापूर-सांगलीला, कुणी कर्नाटकात. परत यायचं ते मार्च-एप्रिलात.

एका मुलीनं विचारलं, "मॅडम, हा कोपीवर लावला तर चालंल का?" कोपी म्हणजे तिकडची त्यांची तात्पुरती झोपडी. चालेल की गं! तिला अजून एक करून दिला.

ती गावातच राहावी म्हणून तिच्या आईला हंगामी वसतिगृहाचं पुन्हा पुन्हा सांगितलं. पण आई-बाप पहाटे उसाच्या फडात गेल्यावर धाकट्याला कोण बघणार? त्या माउलीला काय बोलणार मी? शेवटी शिक्षण हमी कार्ड भरून हातात दिलं, म्हणजे जातील तिथल्या शाळेत तिला बसता येईल.

तिकडच्या शिक्षक मित्रांनो, कळकळीची विनंती. तुमच्या गावाजवळ कोप्या पडल्या की एक चक्कर मारा, मुलांकडं हे कार्ड आहे का विचारा. नसलं तरी वर्गात बसवून घ्या.