साडेअठराशे म्हणणारा फोन

कांद्याचे बाजारभाव फोनवर सांगणारी यंत्रणा आधीपासून चालू होती, ती 'माणसासारखी बोलती' करायचं काम आमच्याकडे आलं. नाशिक जिल्ह्यातले शेतकरी ट्रॅक्टर भरायच्या आधी त्या नंबरवर फोन लावायचे आणि ऐकायचे, "उन्हाळी कांदा. किमान भाव. एक हजार. दोनशे. रुपये." प्रत्येक तुकडा वेगळा रेकॉर्ड केलेला, त्यामुळे दर शब्दाला वाक्य संपल्यासारखा सूर खाली यायचा. रविवारी लिलाव नसला की हाच आवाज तितक्याच गंभीरपणे सांगायचा, "भाव शून्य रुपये."

आवाज बदला, जरा गोड घ्या, असं सगळ्यांचं म्हणणं. मला ते पटेना. मी बाजार समितीच्या ऑफिसात फोन घेणाऱ्या ताईंच्या शेजारी जाऊन बसलो. त्यांचा आवाज गोड वगैरे अजिबात नव्हता. फोन उचलला की "हां, बोला," आणि लगेच "सरासरी साडेअठराशे, वर बावीसशेपर्यंत गेला." स्वागत नाही, कृपया नाही. सरासरी आधी, कारण बरेचजण तेवढंच ऐकून फोन ठेवतात. आमचं यंत्र मात्र किमान, कमाल, सरासरी असंच जायचं, कारण तक्त्यात रकाने त्या क्रमाने होते!

क्रम फिरवणं सोपं होतं. खरा घाम काढला आकड्यांनी. १८५० ला भाव बोलताना 'एक हजार आठशे पन्नास' कोण म्हणतं? साडेअठराशे. १२२५ म्हणजे सव्वाबाराशे, ११७५ म्हणजे पावणेबाराशे, २५०० म्हणजे अडीच हजार. पण १८३० हे अठराशे तीसच. हे सगळे नियम बसून लिहून काढले. शिवाय इंग्रजीत विसाच्या पुढे दोन तुकडे जोडून भागतं, मराठीत ९९ पर्यंतचा प्रत्येक आकडा वेगळा रेकॉर्ड करावा लागतो. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकातल्या 'वीस एक'वरून (म्हणजे एकवीस) केवढा गदारोळ झाला होता. आमच्यातही एकाने सुचवलं, यंत्राला 'सत्तर एक' म्हणू द्या, काम कितीतरी कमी होईल. काम कमी झालं असतं हे खरं, पण ऐकणाऱ्याला मनात एक्काहत्तर करत बसावं लागलं असतं.

रेकॉर्डिंगच्या वेळी सुटे आकडे वाचून घेतलेच नाहीत. "आज सरासरी अठराशे तीस रुपये, वर बावीसशे" असं अख्खं वाक्य वाचून घ्यायचं आणि त्यातून तुकडा कापायचा. वाक्याच्या मधला 'तीस' आणि शेवटचा 'तीस' वेगळे ठेवायचे. मधल्याचा सूर किंचित वर राहतो, त्यावरूनच ऐकणाऱ्याला कळतं की अजून काही यायचंय. जोडाजोडीतला यांत्रिकपणा जास्त करून इथेच गेला.

स्टुडिओत सगळं झकास वाटलं. साध्या फोनवर ऐकलं तर सहासष्ट आणि सदुसष्ट कळेनात. साधी फोन लाइन साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज पोचवते, त्याच्या वरचा भाग तिथे कापला जातो. मग असे आकडे जरा सावकाश म्हणून घेतले. तेव्हापासून मी कुठलंही रेकॉर्डिंग हेडफोनवर पास करत नाही, स्वस्तातला फोन आणि गजबजलेलं यार्ड लागतंच.

एक गोष्ट मात्र करून बघून काढून टाकली. माहिती यायला वेळ लागला की "थांबा हं, बघते" असं वाजवायचो. छान वाटायचं. पण लोक खरंच थांबून बोलायला लागले: "ताई, उद्या आणला तर चालेल का?" पलीकडे कोणीच नाही. मला ते फसवल्यासारखं वाटलं. बोलणं माणसासारखं असावं, पण माणूस असल्याचा आव आणू नये. आता तिथे "भाव शोधत आहे" एवढंच येतं, आणि लिलाव नसेल तर "आज लिलाव बंद, कालची सरासरी..." असं.

हल्ली मजकूर दिला की संगणक स्वतःच वाचतो, कापाकापी संपली. पण आम्ही वापरतो त्या आवाजाला १८५० दिलं की तो पुन्हा 'एक हजार आठशे पन्नास'वर येतो. म्हणून आधी आमच्याच जुन्या नियमांनी आकडा अक्षरात लिहितो आणि मग त्याला वाचायला देतो.